कोमट पाणी

नव्वदच्या दशकात आखातात, दुबईतल्या देऱ्यातल्या आमच्या खोलीत गोव्याचा एक वयस्कर बेकर राहायचा. नाताळच्या वाइनसाठी तो बेकरीतलं मुदत संपलेलं यीस्ट आणायचा. ते कोमट साखरपाण्यात घालून, वाटीवर तळहात धरून फेसाची वाट बघायचा. मी हसलो की म्हणायचा, "मेलं नाय रे, निजलंय."

एकदा तो अंघोळीला गेला असताना, पाणी गार झालंय असं वाटून मी वाटीत उकळतं पाणी ओतलं. फेस आला नाही. द्राक्षरसाचं नुसतं सरबत राहिलं.

"अंकल, खलास! यीस्ट म्हातारं, तुम्हीपण!" खोलीतले ओरडले. तोही हसला, पण वाइनची बरणी धुऊन देऊन टाकली. पुन्हा वाइन केली नाही. उकळत्या पाण्याचं मी कधीच सांगितलं नाही.

ते यीस्ट जिवंत होतं. आता पाव करताना मी आधी पाण्यात बोट बुडवून बघतो.