शंभर किलोचं पोतं

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कळमन्याच्या धान्यबाजारात हमालांचा संप होता. पोतं पन्नास किलोचंच हवं, ही त्यांची मागणी. शंभरचंच भरणार, हा माझा हट्ट. हा म्हातारा हमाल रोज माझ्या दुकानासमोर दुपट्ट्याच्या घड्या घालत बसे.

एकदा ट्रक खोळंबला. रागाच्या भरात थप्पीवरचं तुरीचं पोतं मीच पाठीवर ओढलं आणि जागीच अडकलो.

“कंबर नाही शेठ, गुडघे वाकवा,” तो बसल्या बसल्या म्हणाला.

“बोलून काहून राहिला गा? ये, हात लाव!”

“हात संपावर हायेत, शेठ. तोंड नाही.”

हमाल सांगतात, शेठ हरला. साफ खोटं! पन्नासची पोती मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून भरतो.