आधी आमची झडती घ्या

मूल गावाहून लग्न होऊन मी गडचिरोलीच्या जंगलकाठच्या गावात आले, त्याच वर्षीची गोष्ट. नवऱ्याची आश्रमशाळेत मास्तर म्हणून निवड झाली होती. पोलिसांकडून वर्तणुकीचा दाखला आला की रुजू व्हायचं, एवढंच बाकी होतं. घरात पहिला पगारदार होणार म्हणून सासऱ्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

नवऱ्याची जीभ मात्र ताब्यात नव्हती. गावातून फुकट कोंबड्या नेणाऱ्या फॉरेस्ट गार्डाला त्याने चारचौघांत टोकलं होतं. तोच गार्ड एका दुपारी रेंजरसाहेबांना घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आमच्या घरात चितळाचं शिंग आहे, अशी म्हणे खबर होती.

सासूबाईंनी काय करावं? पाय धुवायला पाणी ठेवलं आणि गार्डाच्या हातातली थैली घेऊन आतल्या खोलीत खुंटीला टांगली. घरी आलेल्या माणसाने थैली धरून बसावं, हे त्यांना बघवत नसे. मला मात्र त्यांचा असा राग आला की काय सांगू.

रेंजर कायद्याने वागणारे होते, निदान बोलणारे तरी. हात पसरून सासऱ्यांना म्हणाले, "आधी आमची झडती घेऊन घ्या, भाऊ. तुमचा हक्क आहे तो."

सासरे शरमले. हात जोडून म्हणाले, "कायले साहेब? दारात आलेल्या मानसाच्या खिशात हात घालाचा का? आमच्याइथी असं करत नाई."

मी दाराआडून सासऱ्यांना म्हणाले, "ते घ्या म्हनतेत तं घ्या ना, मामाजी. थे थैलीबी पाहून घ्या."

"तू चूप राय," सासूबाई म्हणाल्या. नवरा ओठ दाबून उभा होता. दाखला यायचा होता ना. आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प राहिला, आणि तेही नको तेव्हा.

पंच म्हणून त्यांनी आपल्याच जीपमधून दोन माणसं आणली होती. शेजारच्यांना बोलवा, असं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. पंच अंगणात बिडी ओढत बसले आणि गार्ड एकटाच आत गेला. थोड्या वेळाने आतूनच ओरडला, "सापडलं, साहेब." धान साठवायच्या बांबूच्या ढोल्यात हात घालून त्याने शिंगाचा तुकडा बाहेर काढला होता. ढोल्यातलं धान उपसलं की अंगभर धानाची टोचरी कूस लागते, दोन दिवस खाजवत बसावं लागतं. त्या शिंगावर धुळीचा कण नव्हता. मी तसं सांगितलं.

"बाई, हे कोर्टात सांगा," रेंजर म्हणाले. चिडून नाही, अगदी समजुतीने.

पंचनाम्यात त्यांनी लिहिलं की झडती देऊ केली असता घरमालकाने ती घेण्यास नकार दिला. शब्द न शब्द खरा होता. सासऱ्यांनी खाली अंगठा दिला. गार्डाने जाताना थैली मागून घेतली, आणि सासूबाईंनी ती आणूनही दिली.

गुन्हा नवऱ्याच्या नावावर नोंदवला गेला. दाखला आला नाही. तारखा पडत गेल्या, आश्रमशाळेत दुसरा मास्तर आला. पुढे कोर्टात केस टिकली नाही, नवरा सुटला. पण तोवर नोकरीचं वय निघून गेलं होतं. सुटला म्हणून लोक पेढे मागायचे तेव्हा मला त्यांना झोडपावंसं वाटे.

पोटासाठी तो बांबूतोडीला जाऊ लागला. हजेरी तोच गार्ड घेई. संध्याकाळी नाक्यावर मजुरांना रांगेत उभं करून त्यांची अंगझडती होई. जंगलातून कुणी काही लपवून नेऊ नये म्हणून.

एकदा मी त्याला आणायला नाक्यावर गेले. रांग लांब होती. नवरा पार मागे होता, गार्ड अजून पहिल्याच माणसाचे खिसे चाचपत होता. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी नवऱ्याने दोन्ही हात वर केले होते.