सूतभरांची खिडकी

आमच्या ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे 'सूतभर' म्हणत आणि तेही 'ओ' देत. बोटींवरच्या खोल्यांचे आणि खिडक्यांचे आराखडे काढायचे हे आमचं काम, आणि त्या कामात सगळी भांडणं जागेवरून. बोट बांधणारे म्हणायचे, आणखी एक खाट बसवा. खोली लोखंडाची, ती काही ताणून मोठी होत नाही. मग सूतभर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "थांबा, कुठेतरी सूतभर निघेल." आणि निघायचंच. माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं, त्यामुळे पुढे जे घडलं ते मी जवळून पाहिलं.

घरीही तीच खोड. दोन खोल्यांच्या घरात एकही दार भिंतीला आपटत नसे, सगळी सरकती करून घेतली होती. कपाटाच्या पोटातून इस्त्रीची फळी निघायची, पलंगाखालून दुसरा पलंग. वहिनी आल्यागेल्याला सांगायच्या, "आता फक्त मला घडी घालून ठेवायची राहिली आहे." सूतभर हसायचे. मुलगी एकच. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून ढमी. मोठेपणी पार काडी झाली, पण नाव काही सुटलं नाही.

या माणसाने आयुष्यात एक मोठं काम केलं. जुन्या बोटींवर खलाशांच्या खोलीतली खिडकी आत उघडायची. जाड काच, पितळेची बिजागरं, पिळून घट्ट करायच्या दोन कड्या. उघडली की झडप थेट खोलीत यायची, म्हणून तिच्यासमोरची जागा कायम मोकळी सोडावी लागे. खोली मुळात कोंबडीच्या खुराड्याएवढी, त्यात तो कोपरा फुकट जायचा. सूतभरांनी बिजागरं काढली, कड्या काढल्या, आतली चौकटही काढली. काच सरळ बोटीच्या पत्र्याला खास गोंदाने चिकटवली आणि तिची कड लोखंडात बुजवून टाकली. भिंत कशी सपाट झाली. वाचलेल्या जागेत टेबल आणि खुर्ची बसली.

"गळणार नाही, गंजणार नाही, लाटेच्या तडाख्याने हलणार नाही," ते नमुन्याच्या काचेवर बुक्की मारून दाखवायचे.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, "आणि एसी बंद पडला तर?"

"बोटीवर जनरेटर तीन असतात साहेब. तिन्ही कसे बंद पडतील?"

अधिकाऱ्याला ते पटलं. आम्हालाही पटलं होतं. एका बोटकंपनीने आपल्या नव्या बोटींसाठी सगळ्या खिडक्या तशाच मागवल्या. आमच्या साहेबांनी चारचौघांत सूतभरांची पाठ थोपटली.

ढमी शिकून बोटीवर अधिकारी झाली. तिसऱ्या नोकरीत तिला नेमकी त्याच कंपनीची मालवाहू बोट मिळाली. तिचा फोन आला तेव्हा सूतभर ऑफिसातच होते.

"बाबा, ओळखा माझ्या खोलीत काय आहे."

"काय आहे?"

"तुम्ही आहात. काचेच्या कोपऱ्यात तुमच्या ऑफिसचा शिक्का आहे. मी त्याच्याखाली बसून जेवतेय."

त्या दिवशी त्यांनी सगळ्या मजल्याला चहा पाजला. एरवी चहाचे पैसे द्यायची वेळ आली की त्यांना नेमकं प्रिंटरपाशी काम निघायचं, म्हणून आम्ही बरेच दिवस ती गोष्ट चघळली.

मग ती बोटकंपनी बुडाली. एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी असताना ढमीच्या बोटीवर जप्ती आली. मालकांनी फोन उचलणं बंद केलं. बोट हलायची नाही आणि माणसांनाही उतरता येईना. रिकामी बोट नांगरावर सोडून देता येत नाही, बदली माणसं आणायची तर ती मालकाने आणायची, आणि मालक तर गायब. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तिथेच राहा, असा हुकूम आला. सुरुवातीला ढमी फोनवर हसतच सांगायची, "बाबा, फुकटची सुट्टी."

उन्हाळा लागला आणि डिझेल संपत आलं. मोठे जनरेटर बंद केले. छोटा तेवढा रोज थोडा वेळ चालवायचे, पाणी वर चढवायला आणि फोन भरून घ्यायला. एसी गेला. खोलीतली हवा जागच्या जागी उभी राहिली. लोखंडाच्या पेटीला दिवसभर ऊन लागलं की आत काय होतं, ते सांगायला नको. दारं उघडी टाकली तरी पलीकडून वाराच नाही, तर इकडून जाणार काय? लोक गाद्या घेऊन डेकवर झोपू लागले. पण तो भाग वाळूच्या वाऱ्यांचा. वारा सुटला की डेकवर डोळा उघडवत नसे, सगळे पुन्हा आत. काहीजण वर ब्रिजवर, म्हणजे बोट चालवायच्या खोलीत, दारं उघडी टाकून पडायचे. बोटीवरचे म्हातारे कुक, ज्यांना ढमी कुककाका म्हणायची, त्यांना मात्र गुडघ्यांमुळे तेवढे मजले चढवत नव्हते. ते खालीच राहायचे.

एका दुपारी सूतभरांचा फोन वाजला. ढमीचा आवाज तुटत होता म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकरवर लावला.

"बाबा, ही खिडकी काढायची कशी?"

सूतभरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बाबा, ऐकू येतंय ना? बोल्ट कुठे आहेत? मी आतला पत्रा उचकटला. मागे काही नाही."

"बोल्ट नाहीत बेटा."

"मग कशावर बसलीये?"

"चिकटवलीये. कड लोखंडात गेलीये."

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्यासारखा आवाज. कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घेत असावं. मग ती म्हणाली, "हातोडा आहे. कुठे मारू?"

अशा थरांच्या काचेला कडेवर घाव घातला तर ती फुटते, मध्ये मारून काही होत नाही. आणि कड तर त्यांनीच बुजवून टाकली होती. हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी ते म्हणाले, "कोपऱ्यात मार. जेवढं कोपऱ्यात जाता येईल तेवढं." नाही कसं म्हणणार?

आम्हाला घाव ऐकू येत होते. ऑफिसातली बाकीची माणसं मान खाली घालून बसली होती. घाव थांबले.

"फुटली?"

"नाही. पांढरी पडली. आतून सगळी जाळी जाळी झालीये, पण जागची हलत नाही." मग बारीक आवाजात, "आता बाहेरचं दिसतही नाही बाबा."

फोन कापला गेला. सूतभर मोबाइलच्या काळ्या पडलेल्या पडद्याकडे बघत राहिले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वाट शोधली. जनरेटर चालू असतो तेवढ्या वेळात कटर लावून खिडकीभोवतीचा पत्राच कापायचा. कुठून कापायला घ्यायचं, आतल्या तारा कुठून जातात, सगळं काढून त्यांनी चित्र पाठवलं. उत्तर कॅप्टनचं आलं, फोनवरच. माणूस सभ्य होता.

"तुम्ही सांगता ते जमेल साहेब. पण बोट जप्तीत आहे. तिला भोक पाडलं तर उद्या गुन्हा आमच्यावर दाखल होईल, आणि मग ही पोरं इथून सुटायचीच नाहीत. हातोड्याची गोष्ट मी कुठे बोललो नाही, कापायचं मात्र नको."

"माझ्यावर घाला गुन्हा. लिहून देतो मी."

"तुमचं लिहिलेलं इथे कोण वाचणार?"

मग त्यांनी उंबरठे झिजवायला सुरुवात केली. रजा टाकून या ऑफिसातून त्या ऑफिसात. कधी वहिनी बरोबर असायच्या, कधी मी. एका ठिकाणी सांगितलं, हे प्रकरण परदेशातलं आहे, आमच्या हातात नाही. परदेशाचं बघणाऱ्यांनी सांगितलं, हे बोटींचं आहे, बोटींच्या खात्यात जा. बोटींच्या खात्यातल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, चौकशी केली आणि म्हणाल्या, "अशा आणखीही बोटी उभ्या आहेत हो. मालक सापडल्याशिवाय आम्ही तरी काय करणार?" त्या खोटं बोलत नव्हत्या. म्हणूनच जास्त हताश वाटलं. कुणी हिडीसफिडीस केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

वहिनींनी घरातला पंखा लावणं सोडून दिलं होतं. सूतभर त्यांना म्हणाले, "तू घामाघूम झालीस म्हणून तिकडे गार वाटणार आहे का?" वहिनी म्हणाल्या, "मला माहितीये नाही वाटणार ते. तुम्ही लावा तुमचा." त्यांनीही लावला नाही. दोघं समोरासमोर बसून राहायचे.

आणि मग कुककाका पडले. सकाळी स्वयंपाकघरात दिसले नाहीत म्हणून ढमी बघायला गेली, तर खाटेजवळ जमिनीवर आडवे, अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. कॅप्टनने किनाऱ्याकडे लहान बोट मागितली. आधी परवानगी नव्हती, मग समुद्र खवळला होता, मग बोट आली. दवाखान्यापर्यंत ते जिवंत होते. पुढची बातमी दोन दिवसांनी आली.

ढमीने ती वडिलांना सांगितली तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "आम्ही त्यांना ओल्या चादरीत गुंडाळत होतो. चादर लगेच वाळायची."

सूतभर त्यानंतर ऑफिसात यायचे, पण पाटी पुसल्यासारखा चेहरा घेऊन. मी एकदा म्हटलं, "असं डोक्यात घेऊ नका. मालकाने माणसं वाऱ्यावर सोडली, तुम्ही नाही."

"वाऱ्यावर सोडली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. हा विनोद नव्हता.

माणूस गेल्याची बातमी छापून आली तेव्हा हालचाल झाली. खलाशांची संघटना मध्ये पडली, कोर्टाने बोट विकायला काढली, डिझेल आलं आणि पावसाळा संपता संपता उरलेली माणसं घरी परतली. ढमीला आणायला आम्ही सगळे गेलो होतो. ती आली ती हडकुळी आणि उन्हाने रापलेली. आईच्या गळ्यात पडली. वडिलांच्या समोर मात्र दोघांनाही काय करावं सुचेना. शेवटी सूतभरांनी तिच्या हातातली बॅग घेतली.

घरी पोचल्यावर पहिले काही दिवस ती दार उघडं ठेवूनच झोपायची. त्या खिडकीचा विषय तिने कधी काढला नाही. त्यांनी एकदा काढला, तर म्हणाली, "बाबा, त्याआधी वर्षभर तिथल्या टेबलावर बसून मी परीक्षेचा अभ्यास केला. आता हे राहू दे." यात माफी होती की तक्रार, हे ते मला विचारत राहिले.

कुककाकांच्या घरी जायचं तिने ठरवलं तेव्हा सूतभरही निघाले. मलाही बरोबर यायला सांगितलं. घर एका गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, ढमीला जवळ घेऊन बसल्या. शेवटी काय खाल्लं, काय बोलले, सगळं बारकाईने विचारलं. ढमी सांगत होती. सूतभर खुर्चीच्या कडेवर टेकले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी घसा खाकरला.

"काकू, त्या खोलीची खिडकी... ती मी केलेली आहे."

काकूंना वाटलं, ते ओळख करून देतायत. "हो का? त्यांना फार आवडायची हो. म्हणायचे, आजवर इतक्या बोटी केल्या, पण स्वयंपाक्याला एवढा उजेड कुणी दिला नाही. फोटो आहे माझ्याकडे, दाखवते."

त्यांनी मोबाइलवर फोटो काढून दिला. सूतभरांनी तो दोन्ही हातांनी धरला. ते सांगायला आले होते ते असं नव्हतं. ते फोटोतल्या खिडकीच्या कडेवर अंगठा फिरवत राहिले. ढमीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मोबाइल त्यांच्या हातातून अलगद काढून काकूंना परत दिला. "छान आलाय फोटो," ती म्हणाली. आम्ही जिना उतरलो.

पुढे त्यांनी उघडणाऱ्या खिडकीचा आराखडा केला. काच वर सरकून भिंतीतच जाते, खोलीत येत नाही, अशी. फक्त भिंत दोन बोटं जाड करावी लागत होती. साहेबांनी आराखडा मन लावून पाहिला. "उत्तम आहे. पण मागतंय कोण?" त्यांनी दोन-तीन गिऱ्हाइकांना दाखवलाही. प्रत्येकाने तेच विचारलं, दोन बोटं कुठून आणायची? नियमात असं काही नाही ना? नव्हतं. सूतभरांनी नियम करणाऱ्यांना कळवलं. विचार चालू आहे, असं उत्तर आलं. तो अजून चालू असावा. दरम्यान नव्या बोटींचं काम आलं आणि चिकटवायच्या खिडक्यांचे आराखडे त्यांनाच काढावे लागले. निवृत्त होईपर्यंत ते काढत राहिले. ते काम त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

ढमी बंदराच्या ऑफिसात लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींशी वायरलेसवर बोलायचं काम. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

मागच्या महिन्यात सूतभर बसथांब्यावर भेटले. हातात भाजीची पिशवी, चष्मा तसाच कपाळावर. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "ढमी पुन्हा बोटीवर जायचं म्हणतेय. नेमणुकीचं पत्र आलंय."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? जा म्हणवत नाही, जाऊ नको म्हणायला तोंड नाही. तिची आई दोन दिवस जेवली नाही, मग जेवली." ते पिशवीचे बंद या हातातून त्या हातात घेत राहिले. "कंपनी चांगली आहे म्हणे."

"बोट कुठली, नवी की जुनी?"

"विचारलं नाही मी," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांची बस आली. गर्दी नव्हती. ते चढले आणि पुढे जाऊन बसले.