दीड तासाचं अंतर

कोल्हापूरहून नागपूरला जाणाऱ्या छोट्या विमानात माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. मांडीवर कोरी हिरवी साडी. त्यांची बहीण सकाळीच गेली होती. सवाष्णीला शेवटची साडी माहेरची लागते, म्हणून ते निघाले होते.

“किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

“दीडेक तास.”

“एवढ्यातच?” ते पुटपुटले. “एसटीनं रात्र जायची.”

खिडकीखालून गावं भराभर मागे पडत होती. वाटलं, पूर्वीच्या लांबच्या वाटा माणसाला रडून घ्यायला तरी वेळ देत.

विमान उतरलं. सगळे उठले, ते मात्र साडीवर हात ठेवून बसूनच राहिले.

“चला ना, काका.”

“बसतो जरा,” ते म्हणाले. “ही पोचल्याशिवाय तिला उचलणार नाहीत.”