बाहेरची कडी

आमचे थोरले दीर लालासाहेब सुभेदार होऊन पलटणीतनं आले, पण पलटण काय त्यांच्या अंगातनं गेली न्हाई. कोरोना आला तवा आष्ट्याजवळच्या आमच्या गावानं वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला, आन् भावजी तिथं खुर्ची टाकून बसले. येईल त्याला एकच सवाल, "पास हाय का?" सख्ख्या मेव्हण्याला मागं धाडलं त्यांनी. गाव लय खूश.

घरात धोंडुअक्का, त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. तिला संधिवात. म्हातारपणाचा न्हवं, चाळिशीतच धरलेला. अंगच आपल्या सांध्यांवर उलटतं म्हणं. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर तिची बोटं चालायची, भाकरी थापायची, म्हस पिळायची. डॉक्टर फोनवर म्हणाले, "औषधानं अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी होते, माणसांत मिसळू नका. पण गोळ्या बंद करू नका." भावजींनी अर्धंच ऐकलं. अक्काला मागच्या खोलीत ठेवलं आन् बाहेरनं कडी घातली. म्हणं तिच्याच भल्यासाठी. ताट मी न्यायची, कडी काढायची, परत लावायची. राग यायचा, पण थोरल्या दिरापुढं तोंड कसं उघडायचं?

हळूहळू अक्काची बोटं फुगली. चहाचा कप दोन मनगटांत धरायची.

"साळू, ती मलेरियाची गोळी न्हाई गं ताटात," ती म्हणाली. गोळी मलेरियाची, पण तिच्या सांध्यांनाबी तीच लागायची. डबा बघितला तर रिकामा. भावजींस्नी विचारलं तर म्हणाले, "दुकानात मिळंना झालीया." ते खरं व्हतं. डब्यातल्या कुठं गेल्या, ते बोलले न्हाईत.

ते कळलं नळावर. शेजारची रंगुबाई म्हणाली, "तुमच्या सुभेदारांनी आमच्या जोतीरामला कोरोनाची गोळी दिली. देवमाणूस बघा." टीव्हीवर कुणीतरी सांगितलेलं, ही गोळी खाल्ली की कोरोना धरत न्हाई. भावजींनी वेशीवर संगट पहारा देणाऱ्या सगळ्या गड्यांस्नी वाटली व्हती. बायकोची गोळी.

माझं डोस्कंच फिरलं. घागर तिथंच टाकून वेशीवर गेले. पदर डोईवरनं कवा घसरला, कळलं न्हाई.

"भावजी, गाव वाचवताय, वाचवा. पण अक्काला घास धरवंना. तिच्या गोळ्या कुणाला इचारून वाटल्या?"

मग जोतीराम उठला, खिशातनं अर्धी पट्टी काढून खुर्चीच्या हातावर ठेवली. मग दुसऱ्यानं. ज्यांनी खाल्ल्या व्हत्या ते खाली बघत बसले. भावजींनी पट्ट्या गोळा केल्या आन् घरला आले.

अक्काला पट्टीतनं गोळी दाबून निघंना, त्यांनीच काढून दिली. ती एवढंच म्हणाली, "रोग बाहेर हाय, मी आतच ऱ्हाईन. पण कडी माझी मी लावीन." त्यांनी बाहेरची कडी काढून आतनं ठोकली. तिच्या बोटांनी ती सरकंना, म्हणून मी जुन्या लुगड्याचा काठ फाडून कडीला बांधला, मनगटानं ओढायला. तेवढं करूनबी खोली तीच, चार भिंती त्याच. गोळीचा गुण यायला लय दिवस लागणार व्हते. अक्का रडली त्या दिवशी, मीबी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी चहा घेऊन गेले. दार ढकललं, तर बंद.

"आगं, उघड की."

आतनं अक्काचा आवाज आला, "पास हाय का?"

चहा निवला तरी सुभेदार दारातच उभे व्हते.