मागून नेलेले तीन पाइप

कापसाचे भाव पडले त्या वर्षांत शेत भावाने सांभाळले आणि वहिनीने लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एसीच्या सुट्या भागांचे दुकान काढले. गॅसच्या टाक्या, तांब्याच्या नळ्या आणि मेकॅनिक गॅस भरायला वापरतात ते लाल, निळे, पिवळे पाइप. मी यवतमाळच्या एका दैनिकात होतो. कापूस बाजाराची बातमी देऊन दुपारी तिच्याकडे जेवायला जाई. त्यामुळे काउंटरवरचे प्रश्न मला पाठ झाले होते.

सर्वांत जास्त विचारला जाई तो हा, की दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो का? वहिनी सांगे, गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळला, आधी ती जागा शोधा. या उत्तराने तिचीच टाकी विकायची राहून जाई. तिने उत्तर बदलले नाही.

दुसरा प्रश्न नव्या गॅसबरोबर आला. बावीस नंबरच्या जुन्या गॅसपेक्षा चारशे दहा नंबरच्या नव्या गॅसचा दाब दीडपट. जुना पाइप चुकून लागू नये म्हणून नव्या मशीनचे तोंडच मोठे केलेले असते. मध्ये पितळी अडॅप्टर बसवला की मात्र तो लागतो. मग जुन्या पाइपावर भागेल का? पाइपावर छापलेला दाबाचा आकडा वाचल्याशिवाय वहिनी अडॅप्टर देत नसे.

वणीचा एक मेकॅनिक तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होता. एका मे महिन्यात तो अडॅप्टर मागायला आला. एका दवाखान्यातले नवे मशीन संध्याकाळपर्यंत सुरू करून देतो, असा शब्द त्याने दिला होता. त्याचे पाइप जुन्या गॅसचे, आकडा पुसून गेलेला. नवे पाइप हंगाम बरा गेला की घेऊ, म्हणाला. वहिनीने नकार दिला. त्याने आधी आपला अनुभव सांगितला, मग नागपूरच्या दुकानांचे कौतुक केले. शेवटी म्हणाला, "विकायले बसल्या का राखायले बसल्या, वहिनी?"

तिने त्याचा लाल पाइप घेतला आणि नटाजवळ वाकवून उजेडात धरला. रबरावर बारीक भेगा उमटल्या.

"मशीन भिंतीवर राह्यते, भाऊ. हा पाइप तुमच्या तोंडासमोर राह्यते."

पाइप फुटला तर गॅस डोळ्यांवर बर्फासारखा बसतो, हे त्यालाही ठाऊक होते. वहिनीने नव्या गॅसचे तीन पाइप काढले, ओळखीसाठी त्यांना हिरव्या काठाची चिंधी बांधली आणि त्याच्या पिशवीत ठेवले. उधार घेत नाही, असे तो म्हणाला.

"उधार कायचं? पेरणीले तिफन मागून नेतात ना, तसे न्या."

तिचे माहेर कळंबकडचे. तिथे एक तिफण अनेक घरांची पेरणी करी. कुणाची आहे, हे सगळ्यांना माहीत असे आणि ते कुणी बोलून दाखवत नसे.

पाइप आठवडाभरात परत आले नाहीत. मेकॅनिकही आला नाही. गिऱ्हाईक गेले आणि पाइपही, असे भाऊ म्हणाला. वहिनीने चौकशी केली नाही. मात्र वणीची बस थांबली की तिची नजर रस्त्याकडे जाई.

पावसाळ्याच्या तोंडावर कळंबचा एक मेकॅनिक पाइपाच्या नटात बसणारे रबरी वायसर मागायला आला. त्याच्या पिशवीतून हिरवी चिंधी डोकावत होती. पाइप वणीहून पांढरकवड्याला गेले होते, तिथून त्याच्याकडे आले होते. देणारा प्रत्येक जण एकच सांगे, आधी आपल्या पाइपावरचा आकडा वाच. पुढे ते घाटंजीला द्यायचे ठरले होते.

वहिनीने विचारले, "वणीवाल्यानं आपल्या जुन्या पाइपाचं काय केलं?"

"कापला. आता गाडीतलं पेट्रोल काढते त्यानं."

ती हसली. तिन्ही पाइपांचे वायसर तिने स्वतः बदलले, चिंधीची गाठ घट्ट केली आणि पाइप पुन्हा त्याच्या पिशवीत घातले.