सावलीच्या बाजूच्या तीन खिडक्या

मी विमानात रुमाल टाकून जागा धरली होती. एक नाही, तीन जागा, आणि तिन्ही खिडकीच्या. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात आणि विचारतात, आजी, तिकिटावर सीट नंबर नव्हता का? नव्हता. स्वस्तातली विमानं तेव्हा नुकती निघाली होती, आणि आमच्या विमानात जो आधी चढेल त्याने हवं तिथे बसावं असा कारभार होता. विमानतळावर हे कळलं तेव्हा माझ्या अंगात वारं शिरलं. बाकीचे प्रवासी हातातली तिकिटं सांभाळत रांगेत उभे राहिले. मी पदर खोचला.

आता माझी तेव्हाची लायकीही सांगते. पन्नाशीला टेकलेली बाई, बोईसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. पाम ह्या आमच्या गावाहून रोज एसटीने जायचं, एसटीने यायचं. बोईसरच्या स्टँडवर गाडी अजून मागे वळतेय, तोच खाली उभं राहून खिडकीतून रुमाल बरोब्बर सीटवर पाडायचा, ही माझी विद्या. आमच्याकडे रुमालाला माणसाइतका मान. एकदा तो सीटवर पडला की भलेभले दांडीला लटकत जातील, पण तो उचलणार नाहीत. संध्याकाळी ऑफिसातल्या बायका माझ्या हातात आपापले रुमाल देऊन खुशाल भाजी घ्यायला जायच्या. इतका माझा नेम, आणि नेमापेक्षा जास्त माझा तोरा.

त्या दिवशी जागा मिळवण्याला कारणही तसंच होतं. नणंदेच्या मुलीचं लग्न दिल्लीला. आमचे हे, मी आणि सासूबाई, तिघं निघालो होतो. पंचाहत्तरीच्या सासूबाई विमानाला मुळीच तयार नव्हत्या. मग एके दिवशी त्यांनीच विचारलं की हे दिल्लीचं विमान आपल्या वाडीवरून जातं का. कारण त्यांचं सगळं आयुष्य वाडीत गेलं होतं. केळी, सुपारी, नारळ, मोगऱ्याचे वाफे, आणि त्या सगळ्याला विहिरीचं पाणी. पाटाचं पाणी फिरवताना वरून विमान गेलं की त्या खुरप्यासकट हात कपाळाला लावून बघायच्या आणि म्हणायच्या, त्या लोकांना आपली वाडी दिसत असेल का गो. ह्यांनी छातीठोकपणे सांगितलं, दिसेल, किनाऱ्याकिनाऱ्यानेच जातं. तेवढ्यावर त्या तयार झाल्या. परतीची तिकिटं रेल्वेची होती. म्हणजे वाडी वरून बघायची ती त्या एका सकाळी, आणि खिडकी मिळाली तरच.

विमानापर्यंत न्यायला बस होती. मी तिच्या दाराला चिकटून उभी राहिले. दार उघडताच ह्यांना म्हटलं, तुम्ही आईंना सावकाश आणा, आणि जी सुटले ती मागच्या जिन्याने थेट वर. आत पोचणारी पहिली बाई मीच. एक क्षण थांबून एसटीतला हिशेब केला. सकाळची वेळ, गाडी उत्तरेला. बोईसरहून वाणगावकडे सकाळी निघालं की डाव्या हाताला सावली. झालं, डावी बाजू पक्की. तिघांना तीन खिडक्या हव्यात, कुणी कुणाच्या डोक्यावरून का बघावं? तेव्हा एकामागे एक अशा तीन खिडक्या हेरल्या. पुढच्या सीटवर रुमाल, मागच्या सीटवर सासूबाईंची शाल, आणि मधल्या सीटवर मी. पुढे-मागे दोन्हीकडे पहारा ठेवता येतो म्हणून मध्ये. केवढी हुशारी!

एवढ्यात एक नवी नवरी आली. कोपरापर्यंत लाल-पांढरा चुडा, मेंदी अजून गडद, मागे नवरा. तिने पुढच्या खिडकीतला रुमाल दोन बोटांनी उचलला, नीट घडी केली आणि हसून माझ्यापुढे धरला.

"आंटी, आपका रुमाल गिर गया था."

मी बोईसरच्या हिंदीत तिला सुनावलं, "गिरा नहीं, डाला है. उधर आदमी आनेवाला है."

तिला काही कळेना. आदमी कुठे आहे? मी जिन्याकडे बोट दाखवलं. ती बिचारी जिन्याकडे बघते, रुमालाकडे बघते. मग मागच्या सीटकडे वळली, तर तिथे शाल. तिसरीवर मी. नवरा म्हणाला, चल, दुसरीकडे बघू. पण तोवर विमान भरत आलं होतं. तिला माझ्या रांगेतच, पण पलीकडची उजवीची खिडकी मिळाली आणि नवऱ्याला चार रांगा मागे मधली सीट. दोघं माना वळवून एकमेकांना शोधत होती, ते मला दिसत होतं. वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. जागा गेली तर गेली, लवकर यायचं होतं, असं मी मनात म्हटलं. हवाई सुंदरीने येऊन गोड आवाजात सांगितलं की इथे जागा राखता येत नाही. मी तिच्याहून गोड आवाजात म्हटलं की म्हातारं माणूस जिना चढतंय. तेवढं मात्र खरं होतं. तेवढ्यात सासूबाई ह्यांचा हात धरून दारात आल्याच. त्यांना थाटात पुढच्या खिडकीत बसवलं, ह्यांना मागच्या. तीन माणसं, तीन खिडक्या. बोईसरच्या बायका इथे असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

विमान धावलं, उचललं. सासूबाईंनी काचेला नाक लावलं. मी मागून विचारलं, दिसतंय का. पाणी दिसत होतं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पाणीच होतं. मी माझ्या खिडकीतून पाहिलं, निळं पाणी आणि त्यावर एक बोट, नखाएवढी. मागून ह्यांनीही सांगितलं की त्यांच्याकडेही पाणीच आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो भलत्या बाजूने पडला. समुद्र मावळतीला असतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. उत्तरेला तोंड केलं की डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला गाव. आणि ह्या शहाण्या बाईने विमानात ऊन लागू नये म्हणून सावली शोधली होती. सावली मिळाली होती. तिघांनाही, अगदी भरपूर.

"अगं, आईंना तिकडे ने," हे मागून म्हणाले.

नेणार कसं? पट्टा बांधायची खूण अजून पेटलेली. खाली गावं मागे पडत असणार. वसई गेली असेल, दातिवऱ्याची खाडी आली असेल, आणि मी पट्ट्यात अडकून त्या दिव्याकडे बघतेय. काचेवरचं नाक सासूबाईंनी काढून घेतलं होतं आणि हात मांडीवर ठेवले होते. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दिवा विझला तशी मी उठले आणि पलीकडे त्या नवरीपुढे जाऊन उभी राहिले. जिला मी एक खिडकी दिली नव्हती, तिच्याकडे तिची खिडकी मागायची होती. कसंबसं म्हटलं की माझ्या सासूला आपलं घर बघायचं आहे, आत्ता येईल, लगेच जाईल. वाटलं, आता ही मला विचारणार, रुमाल कुठे आहे म्हणून. विचारलं असतं तर ते माझ्याच कर्माचं फळ होतं. पण तिने माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत पट्टा सोडला आणि उठून सासूबाईंना हाताला धरून खिडकीत बसवलं. स्वतः शेजारच्या सीटवर सरकली. तिथला माणूस माझ्या खिडकीत जाऊन बसला. त्याला समुद्र बघायचा होता म्हणे. मी मधल्या वाटेत उभी, वाकून वाकून बघतेय.

आधी काही कळेना. मग सासूबाईंनी काचेवर बोट टेकवलं. वीजकेंद्राची उंच चिमणी, काडीसारखी. पाममध्ये अंगणातून आम्हाला रोज दिसते तीच. चिमणी सापडली तसं सगळंच सापडत गेलं. हे तळं, ही बंदराची वाट, हे देवीचं देऊळ, आणि तो हिरवा ठिपका. नवरी त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघत होती. सासूबाई आपल्या बोलीत तिला सांगत होत्या की इथं विहीर, इथं केळी, ती आपल्या हिंदीत विचारत होती की आणि ते काय, आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं. ह्यांनी पट्टा सोडून मान उंच केली, तर मागच्या बाईला वाटलं काही झालं की काय, तीही उठली. चार-पाच अनोळखी माणसं उजवीकडे वाकून आमची पाममधली वाडी शोधत होती. मला वाटत होतं, आता खालून आम्हाला कुणी हाक मारणार.

मग हिरवा ठिपका पंखाखाली गेला. सासूबाई मान वळवून दिसेल तेवढं बघत राहिल्या आणि लगेच उठल्या. मी म्हटलं, बसा ना थोडं. त्यांनी माझं ऐकलं नाही. नवरीला दंडाला धरून त्यांनी खिडकीत बसवलं.

"बस गो बाय, माजं गाव झालं. आता तुजं येल."

मी मागे जाऊन तिच्या नवऱ्याला म्हटलं, चलो, उधर बैठो. तो माझ्याकडे संशयाने बघत उठला. मी त्याच्या मधल्या सीटवर बसणार होते, पण आपल्या खिडकीत परतलेल्या सासूबाईंनी शेजारची रिकामी राहिलेली सीट थोपटून मला बोलावलं. मला वाटलं, आता सावलीचा हिशेब निघणार. मी मान खाली घालून तयारच होते. तर त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या,

"एवडीशी वाडी, आन् तिला पानी घालता घालता माजी कंबर मोडली? गावात कोनाला सांगू नको गो, हसतील लोकं."